ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, हायवेला ठीक. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही

जुळेसोलापूर१४

गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ९२ हजार किलोमीटर. महिनाभरापासून दुपारी एसी लावून सात रस्ता ते नवी पेठ असं रखडत जायची वेळ आली की काटा मधल्या रेघेवरून चढायला लागतो, पाऊण भागाच्याही वर जातो. एसी बंद केला की पाच-सात मिनिटांत उतरतो. पुणे हायवेला मोहोळपर्यंत ८०-९० च्या वेगात काटा जागचा हलत नाही. तुळजापूरच्या घाटात मात्र एकदा थोडा वर गेला होता.

दुसरं म्हणजे कूलंटची डबी आठ-दहा दिवसांत मॅक्सवरून मिनवर येते. गाडी रात्रभर फरशीवर उभी असते, खाली एक थेंब दिसत नाही. आत्तापर्यंत कमी झालं की बोअरचं पाणी टाकलंय.

एक मेकॅनिक म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाका, सोलापूरच्या उन्हात तो लागतच नाही. दुसरे म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली सीलची पट्टी) गेलंय, हेड उतरवावं लागेल. खर्चात पडायच्या आधी काय काय तपासून घेऊ, आणि कोणत्या क्रमाने?

वरचा_होज

हेड उतरवायची घाई अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय त्यात दोन वेगळी दुखणी दिसतात, आणि दोन्ही हेडच्या बाहेरची असण्याची शक्यता जास्त आहे.

पहिलं दुखणं वाऱ्याचं. हायवेला गाडीच्या वेगानेच रेडिएटरमधून हवा जाते, पंख्याची गरज जवळपास नसते. सात रस्त्याला मात्र सगळा भार पंख्यावर. त्यात एसी लावला की रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर आपली उष्णता त्याच हवेत सोडतो, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असताना पंखा जरा जरी कमी पडला की काटा चढणार. वेगात ठीक आणि उभ्या गाडीत गरम, हे पंख्याचं किंवा जाळी तुंबल्याचं लक्षण. याच्या उलट, उभ्या गाडीत ठीक आणि वेगात किंवा चढावर गरम असेल तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय असं समजायचं: रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, वॉटर पंपाची पाती झिजलेली किंवा पाणीच कमी. तुमच्या घाटातल्या एका चढाची नोंद म्हणूनच विसरू नका, ती पुढे लागेल.

दुसरं दुखणं गळतीचं. थेंब दिसत नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. गरम इंजिनावर झिरपलेलं पाणी तिथेच वाळतं आणि मागे पांढरी किंवा हिरवट-गुलाबी पापडी राहते. ती पापडी शोधायची.

आता क्रम. सगळं सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० च्या वर असतं, झाकण सैल झालं की क्षणात त्याची वाफ होऊन तोंडावर येते. रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी) हाताने सहज दाबला जात नसेल तर थांबायचं.

आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाणी थेट तोंडापर्यंत आहे का बघा. डबीवर विश्वास ठेवू नका. डबी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं, कारण गार होताना पाणी परत ओढून घेणारा झाकणातला छोटा वॉल्व्ह अडकतो किंवा डबीची नळी तडकून हवा ओढते. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर हमखास हा वॉल्व्ह. तुमची डबी खाली जातेय म्हणजे तो बहुधा काम करतोय. पण झाकणाच्या मोठ्या स्प्रिंगचं तसं सांगता येत नाही. ती ढिली पडली की पाणी ठरलेल्या दाबाच्या आधीच डबीत फेकलं जातं, डबी काठोकाठ भरून वरून सांडते आणि वाफ होऊन जाते.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. त्याचं महत्त्व असं: साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळतं, ०.९ बारच्या झाकणाखाली ११८ च्या पुढे. निम्मं कूलंट असेल तर १२५ च्या आसपास. काहीशे रुपयांचं झाकण दाब धरत नसेल तर ही सगळी सवलत गेली.

नंतर हाताच्या पंपाने प्रेशर टेस्ट. रेडिएटरची कामं करणाऱ्या कुठल्याही चांगल्या दुकानात हा पंप असतो. गार गाडीत झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा, जास्त नाही, आणि १५ मिनिटं काटा बघायचा. दाब धरला तर गळती नाही किंवा ती फक्त गरम असताना होते. पडला तर टॉर्च घेऊन या जागा बघा: रेडिएटरचा ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे पत्रा मुडपून जोडलेली असते तो सांधा, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र (त्यातून ओघळ म्हणजे आतलं सील गेलं), सगळ्या होजची टोकं आणि थर्मोस्टॅटचं घर. शेवटी पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघा. ओला, चिकट आणि गोडसर वासाचा असेल तर हीटरची छोटी जाळी गळतेय. त्याच पंपाच्या अडॅप्टरवर तुमचं झाकण लावून तेही किती दाबाला सुटतं ते बघून घ्या.

पंखा: इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला लागतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, असं असेल तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याचा प्लग. दोन्ही वेळा नाही, तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने. रिलेच्या शेजारी त्याच नंबरचा दुसरा असेल तर अदलाबदल करून बघायची. मोटरला फ्यूज लावलेल्या वायरीने थेट १२ व्होल्ट दिले आणि फिरली नाही किंवा रडतखडत फिरली की कार्बन ब्रश संपले. पंख्याला दोन वेग असतील तर हळू वेगाचा रेझिस्टर जळतो, मग पंखा उशिरा आणि एकदम जोरात लागतो. हे फार वेळा नजरेतून सुटतं, कारण 'पंखा फिरतोय की' म्हणून लोक पुढे जातात.

खालचा_व्हॉल्व्ह

थर्मोस्टॅटबद्दल स्वतंत्र लिहितो, कारण हा सल्ला आपल्याकडे दर उन्हाळ्यात दिला जातो आणि त्याने गाड्या बिघडतात.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. ८२ ते ८८ च्या दरम्यान उघडायला लागते, ९५ च्या आसपास पूर्ण उघडते. पूर्ण उघडल्यावर तिचा अडथळा नगण्य असतो. बाहेर ४३ असो की १५, इंजिनाला ९० च्या आसपासच चालायचं असतं.

आता खरी गोम. बऱ्याच इंजिनांत याच झडपेला मागे दुसरी थाळी असते. पुढची बाजू उघडली की मागची थाळी बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच जावं. झडप काढलीत की बायपास कायम उघडा. निम्मंअधिक गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे गाडी गार व्हावी म्हणून केलेल्या कामाने चढावर ती जास्त तापते. शिवाय सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तोवर जास्त पेट्रोल सोडत राहतं, मायलेज पडतं, तेलात पेट्रोल उतरतं.

शंका असेल तर झडप काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा (तळाला टेकू देऊ नका), थर्मामीटर ठेवा आणि तापवा. तिच्यावर कोरलेल्या आकड्याला उघडायला लागली आणि त्याच्या वर १०-१२ अंशांत साधारण ८ मिलिमीटर उचलली तर चांगली. नाहीतर त्याच आकड्याची नवीन बसवा, रबर रिंगसकट. ७६ ची बसवून गाडी 'थंड' ठेवायचा प्रकारही नको.

जुळेसोलापूर१४

दोघांचेही आभार. सांगितलं तसं करून घेतलं. निकाल असे:

रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला होता, पण पाणी गढूळ तपकिरी. प्रेशर टेस्टला ०.९ वरून १० मिनिटांत ०.६. उजव्या बाजूच्या प्लॅस्टिक टाकीच्या खालच्या सांध्यावर पांढरी पापडी, तिथेच एक थेंब फुगताना दिसला. झाकण ०.९ चं आहे पण ०.५ लाच सुटतं. वॉटर पंप कोरडा, गालिचा कोरडा.

मोबाइलला ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं तापमान वगैरे दाखवणारा जोड) जोडून बघितलं. एसी लावला तरी पंखा हळू वेगात लागत नाही. तापमान १०४ झालं की एकदम जोरात लागतो. जाळीत पुढून बघितलं तर फार घाण दिसत नाही.

तरी हेड गॅस्केटची धास्ती जात नाही. खात्री कशी करायची? आणि रेडिएटरची टाकी पुन्हा दाबून बसवून देतो असं दुकानदार म्हणतात, ते करावं का?

वरचा_होज

मग गळती सापडली, पंख्याचं कारणही सापडलं. रेझिस्टर पंख्याच्या चौकटीवर स्क्रूने बसवलेला असतो, प्लग काढून मल्टिमीटरने बघा. चांगला असेल तर ओहमचा एक छोटा अंश दाखवतो, जळाला असेल तर सर्किट उघडं. प्लगचं प्लॅस्टिक वितळलंय का तेही बघा. वितळलं असेल तर नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही, मोटर जास्त करंट ओढतेय. मोटर हाताने फिरवून जड वाटली तर तीही बदला, नाहीतर नवीन रेझिस्टर वर्षभरात जाईल.

हेड गॅस्केटसाठी ब्लॉक टेस्ट करा. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवतात, तिच्यात निळं द्रव असतं, इंजिन चालू ठेवून वरची हवा त्यातून ओढायची. पेट्रोल इंजिनाचा जळका वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आधी रेडिएटरचं पाणी इंचभर खाली घ्या. पाणीच नळीत ओढलं गेलं तर चाचणी वाया. दुसरी खूण: गार गाडीत प्रेशर पंप लावून ०.३ वर ठेवा आणि इंजिन चालू करा. अर्ध्या मिनिटात, इंजिन गार असतानाच, काटा उसळला आणि ॲक्सिलरेटरबरोबर नाचला तर गॅस्केट किंवा हेडची तड. हळूहळू चढला तर ते नुसतं तापल्याने फुगणं.

तेलाच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून लगेच घाबरायचं नाही. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर पावसाळ्यात तिथे वाफ साठून तशी साय येते. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका. स्पार्क प्लग काढले तर चारांपैकी एकच लख्ख धुतल्यासारखा दिसणं ही पक्की खूण, त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू नका. आणि उद्या कधी हेड उतरवायची वेळ आलीच, तर पट्टी-फीलरने सपाटी मोजल्याशिवाय परत बसवू देऊ नका. छोट्या इंजिनांत मर्यादा साधारण ०.०५ मिलिमीटर असते. त्याच्या वर असेल तर फेसिंग (मशिनवर घासून सपाट करणं), आणि ताणून बसवायचे बोल्ट असतील तर नवेच.

टाकी पुन्हा दाबून घेण्याबद्दल: गाडी चार-पाच वर्षांची असती तर रबर रिंग बदलून चाललं असतं. तुमचं प्लॅस्टिक इतकी वर्षं तापून ठिसूळ झालंय, मुडपताना दुसरीकडे तडकेल. नवा रेडिएटर घ्या. बदलताना एसीचे पाइप सोडायची गरज नसते, कंडेन्सर क्लिपांतून सोडवून पुढे धरून ठेवता येतो. अमुक एक पाइप सोडावाच लागेल असं कोणी म्हणालं तर का ते विचारा. नवं झाकण, वर-खालचे दोन्ही होज आणि क्लिपा त्याच वेळी बदला. रेडिएटर नवा आणि होज जुना असेल तर दाब पूर्ववत झाल्यावर पुढचा कच्चा दुवा होजच.

रेडिएटर बाहेर आला की कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघा. पुढून स्वच्छ दिसतं, घाण साठते ती त्या फटीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे रोज गाडी जात असेल तर यंत्रमागांची रुई आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या पाइपच्या धारेने धुवायचं. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पाती आडवी होतात आणि होती ती वाटही बंद होते.

डिस्टिल_वॉटर

बोअरच्या पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. तुमच्या घाटातल्या काट्याचं कारण तिथे असू शकतं.

आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या आत बसतो, आणि नेमका सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडमधल्या वाटांत. थर उष्णता अडवतो. पाणी ९५ दाखवत असताना धातू त्याहून बराच तापलेला असतो. शिवाय प्रत्येक टॉप-अपबरोबर नवीन क्षार आत जातात आणि कूलंटमधलं गंजरोधक पातळ होत जातं. तपकिरी पाणी म्हणजे गंज सुरू झालाय. उजनीचं नळाचं पाणीही यासाठी नको. घरच्या आरओचं चालेल का, असं बरेच जण विचारतात. रस्त्यात अडचणीला हो, कायमचं नाही, त्यातही क्षार उरतात. बॅटरीत टाकायचं डीएम (क्षार काढलेलं) पाणी स्वस्त आहे, पाच लिटरचा कॅन घ्या.

रेडिएटर नवा बसवायच्या आधी, जुना जोडलेला असतानाच, इंजिनची बाजू धुऊन घ्या. जुनं पाणी काढा. लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, लिटरला २५-३० ग्रॅम या हिशेबाने डीएम पाण्यात विरघळवून भरा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, इंजिन २० मिनिटं चालवा, गार होऊ द्या, काढा. मग साध्या डीएम पाण्याने दोन-तीनदा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. ॲसिड रात्रभर आत ठेवायचं नाही. संडास धुवायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा तर कधीच नाही, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. गळती थांबवायला हळद किंवा पावडर टाकायचा सल्ला मिळेल, तोही टाळा. ती भोकात जशी अडकते तशीच हीटरच्या बारीक नळ्यांतही अडकते.

कूलंट किती हे नीट समजून घ्या, कारण इथे फसगत होते. समजा एकूण मावतं ४.५ लिटर (तुमचा आकडा गाडीच्या पुस्तकात बघा). रेडिएटरचा नळ सोडला की बाहेर येतं जेमतेम ३ लिटर, दीड लिटर ब्लॉकमध्येच राहतं, आणि धुतल्यानंतर ते असतं नुसतं पाणी. त्यावर ३ लिटर तयार ५०-५० कूलंट ओतलं तर आतलं प्रमाण होतं ३३ टक्के, ५० नव्हे. म्हणून या वेळी कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या: आधी १.८ लिटर कॉन्सन्ट्रेट, वर १.२ लिटर डीएम पाणी. झालं ४० टक्के. सोलापुरात पाणी गोठायचा प्रश्नच नाही, ४० पुरे. कूलंट इथे हवं ते गंज रोखायला, उकळबिंदू वर न्यायला आणि पंपाच्या सीलला. ३३ च्या खाली गंजरोधक अपुरं पडतं. आणि निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरलं तर उलट नुकसान, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचं प्रमाण मोजायचं उपकरण) असेल तर ४० टक्क्यांना गोठणबिंदू उणे २४ च्या आसपास दाखवेल.

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे कंपन्यांचे आपापले रंग आहेत, त्याला सगळ्यांचा मिळून एक नियम नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो कॅनवर वाचून घ्या. दोन प्रकार मिसळले की आयुष्य घटतं, काहींचा चिकट गाळही होतो.

खालचा_व्हॉल्व्ह

भरताना हवा अडकू देऊ नका, नाहीतर एवढं सगळं करून पुन्हा काटा चढेल आणि परत हेडवर संशय जाईल.

गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला ठेवा किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्या, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. हीटर गरमवर. कुठे हवा सोडायचा स्क्रू असेल तर उघडा, बुडबुडे संपून सलग धार आली की बंद. हळू ओता, वरचा-खालचा होज हाताने दाबत राहा. झाकण न लावता इंजिन चालू करा, पातळी खाली जाईल तशी भरत जा. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, इथे एकदम बरंच पाणी ओढलं जातं. पाणी तोंडाशी फुगायला लागायच्या आत झाकण लावा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा. डॅशबोर्डमधून गरम हवा सलग येत असेल तर हवा निघाली. मधेच गार झोत आला तर अजून आहे. रात्रभर गार करून सकाळी रेडिएटर बघा, लागेल तेवढं भरा, डबी मिन-मॅक्सच्या मध्ये. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी बघा.

ओबीडीवर नंतर काय दिसायला हवं: चालत्या गाडीत ८५ ते ९५, ट्रॅफिकमध्ये पंख्याचा हळू वेग ९५ च्या आसपास लागून तापमान तिथेच खेळत राहणं. ११० गेलं तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि त्याचा पंखा जोरात, जमेल तिथे कडेला. ११५ ला इंजिन बंदच. वरून गार पाणी ओतायचं नाही, हेडला तड जाते. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, तो मुद्दाम ७५ ते १०५ पर्यंत मध्यावरच स्थिर राहील असा बनवलेला असतो. काटा हलला तेव्हा उशीर झालेला असतो.

एवढं करूनही घाटात तापमान चढलं तर इन्फ्रारेड थर्मामीटरने वरचा आणि खालचा होज मोजा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असताना फरक ८ ते १५ अंश असावा. रेडिएटर नवा असताना फरक फार मोठा आला तर प्रवाह कमी आहे, मग वॉटर पंप उघडून पाती बघावीच लागतील.

जुळेसोलापूर१४

ब्लॉक टेस्ट केली, द्रव निळंच राहिलं. रेझिस्टर उघडा दाखवतोय, प्लग शाबूत, मोटर हलकी फिरते. रेडिएटर, झाकण, दोन्ही होज, रेझिस्टर सांगितलंय. एकच राहिलं: काढलेलं कूलंट कुठे टाकायचं?

डिस्टिल_वॉटर

गटारीत नको, झाडाला नको, अंगणात तर मुळीच नको. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री, मांजरं, गुरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडाला मारक ठरतं. लहान मुलांनाही तेच. घमेल्यात काढा, झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर 'विष' असं ठळक लिहा आणि जळकं तेल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला वेगळा कॅन म्हणून द्या, तेलात मिसळू नका. फरशीवर सांडलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा. आणि नळी तोंडाने ओढून काढू नका.